अकरा दिवसांची शिळा

त्या दिवशी फरशीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. करवती बंद होत्या. लोक रचलेल्या फरश्यांच्या थप्प्यांवर चढून बसले होते. एरवी थप्पीवर कोणी बूड टेकलं तर अंगावर धावून जाणारा मुकादम आज स्वतःच लोकांना हात देऊन वर ओढून घेत होता. मधोमध एक लाकडी पेटी, पेटीवर पिवळं कापड, आणि पेटीमागे डोळे मिटून उभा राहिलेला शिळाबाबा.

"नदीला वाळूचा दगड करायला किती वर्षं लागतात?" बाबाने डोळे न उघडता विचारलं.

"कोट्यवधी!" चेला ओरडला. शाळेत त्याला हा आकडा कधी आला नसावा. बाबाकडे कामाला लागल्यावर पाठ झाला होता.

"आणि बाबाला?"

"अकरा दिवस!"

"का? कारण नदीला मन नाही. पाण्याला भक्ती नाही. आईच्या रडण्याने दगडाला पाझर फुटतो, मग गाळाचा दगड का होणार नाही?"

या बोलण्यात अर्थ शोधायला गेलं तर हाती नुसता गाळच लागला असता. पण गर्दीतल्या बायका डोळे पुसू लागल्या, कारण ती आई समोरच बसली होती. अकरा दिवसांपूर्वी तिनेच आपल्या ओंजळींनी या पेटीत गाळ भरला होता. बाबाने सगळ्यांच्या देखत त्यावर 'भस्म' टाकलं, मंतरलेलं पाणी शिंपडलं, काठीने ढवळलं आणि पेटी आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

चेल्याने कापड ओढलं. पेटीत राखाडी रंगाची सलग शिळा होती, आणि शिळेवर एका लहान मुलाच्या उजव्या पायाचा ठसा.

आई धावली. बाबाने आडवी काठी धरली. "स्पर्श नाही! सव्वा महिना कोणी हात लावायचा नाही. तुझं लेकरू बुडालेलं नाही, माई. ते शिळेत आहे. आज पाऊल आलं, उद्या दुसरं येईल, मग चालत येईल. मात्र तोवर तळ्याचं पाणी उपसायचं नाही. पाणी उपसलंत, तर वाट तुटली म्हणून समजा."

गर्दीच्या अगदी शेवटी, करवतीच्या शेडच्या खांबाला टेकून मुलाची आत्या उभी होती. तिने तो खांब घट्ट धरला. पाऊल बघून नव्हे, पाणी उपसायचं नाही हे ऐकून.

मुलाचं नाव कागदावर काहीही असो, सगळे त्याला टिल्लू म्हणत. वय वर्षं आठ. आत्या गावातल्या शाळेत त्याच्याच वर्गाला शिकवायची. घरी आत्या म्हणायचं आणि शाळेत बाई, हा घोळ त्याने पहिल्याच दिवशी मिटवला. भर वर्गात तिला 'आत्याबाई' अशी हाक मारली. मग सगळा वर्ग तिला आत्याबाई म्हणू लागला, पुढे मुलांचे आईबापही, आणि शेवटी खुद्द मुख्याध्यापक.

गाव दगडावर जगत होतं. खाणीतून वाळूच्या दगडाचे ठोकळे यायचे, आवारातल्या मोठ्या करवती पाण्याच्या धारेखाली त्यांच्या फरश्या पाडायच्या, आणि दगडाच्या पुडीने पांढरं झालेलं पाणी पाटाने वाहत मागच्या तळ्यात जायचं. तिथे पूड तळाशी बसायची, वर निवळलेलं पाणी परत करवतींना मिळायचं. तळ्याला कुंपण नव्हतं. घालू, बघू, पुढच्या महिन्यात, असं म्हणत कित्येक वर्षं गेली होती.

अठरा दिवसांपूर्वी, शनिवारी दुपारी टिल्लू दिसेनासा झाला. तळ्याच्या काठावर त्याची उजव्या पायाची चप्पल सापडली. दोन दिवस करवती थांबवून माणसांनी गळ टाकले, बांबू फिरवले. वरचं पाणी पुरुषभर आणि खाली तितकाच लिबलिबीत गाळ. त्यात रुतलेलं सहजी वर येत नाही. हाताला काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी करवती पुन्हा सुरू झाल्या, कारण पोटं थांबत नाहीत. टिल्लूच्या बापाने, म्हणजे आत्याबाईच्या दादाने, तळं उपसायला मोठा पंप मागवला. पंप यायच्या आधी बाबा आला. त्याला कोणी बोलावलं हे कोणालाच माहीत नव्हतं. मात्र तो मुकादमाच्या खोलीत उतरला होता, आणि तो आल्यापासून कुंपणाचा विषय कोणी काढेनासं झालं होतं.

आता पंप तळ्याच्या बांधावर उभा होता आणि पंपासमोर टिल्लूची आई, म्हणजे आत्याबाईची वहिनी, बसून होती.

वहिनी आवारात फरश्या ठोकायचं काम करायची. हातात छोटी हातोडी घेऊन थप्पीतली एकेक फरशी ती ठोकून बघे. खणखणीत वाजली तर बरी, बद्द वाजली तर आत कुठे तरी चीर आहे, बाजूला काढा. न ठोकलेली फरशी फाटकाबाहेर जायची नाही, हा आवाराचा नियम होता. पंधरा वर्षांत तिचा कान एकदाही चुकला नव्हता. दादा गमतीने म्हणायचा, "लग्नाआधी मलाही हिने ठोकून बघितलंय."

शिळा निघाली त्या संध्याकाळी आत्याबाई भाकरतुकडा घेऊन बांधावर गेली.

"वहिनी, दोन घास खा."

"तो आल्यावर."

"दादा म्हणतो, एकदा पाणी काढून बघू या."

"त्याला म्हणावं, मग आधी माझ्या अंगावरून पंप ने." वहिनीचा आवाज शांत होता. "अगं, तो तळ्याकडे जाईलच कसा? मी त्याला माझी शपथ घातली होती. माझी शपथ तो मोडत नाही. कुत्र्याने नेली असेल चप्पल तिथे."

आत्याबाईने मान खाली घातली. तिच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य अठरा दिवस येऊन परत जात होतं. त्या संध्याकाळीही ते परत गेलं.

पाटातून पांढरं पाणी तळ्यात पडत होतं. दिवसाला बोटभर गाळ, उद्या आणखी एक बोट. खडक कसे तयार होतात हे ती दर वर्षी मुलांना शिकवायची. नदी वाळू आणते, माती आणते, संथ पाण्यात ती तळाला बसते. एका थरावर दुसरा बसतो. वरच्याचं ओझं खालच्यावर पडतं, खालच्यातलं पाणी पिळून निघतं, पाण्यात विरघळलेले क्षार कणाकणांच्या मध्ये डिंकासारखे धरतात, आणि खूप काळाने त्याचा दगड होतो. वर्गात हे सांगताना तिला नेहमी मजा यायची. आता त्या थरांखाली कोण आहे ते तिला ठाऊक होतं, आणि रोज एक थर वाढत होता.

गावाला सगळ्यांनाच वेड लागलं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. या लोकांचा धंदाच त्यांना दगा देऊन गेला. खाणीतून नुकताच निघालेला दगड ओलसर आणि मऊ असतो, हवेवर राहिला की महिन्याभरात टणक होतो. 'दगड पिकतो' असं म्हणत, आणि ते खरंही होतं. मग पिकणारा दगड मंत्राने लवकर पिकला तर नवल काय, असं म्हाताऱ्या खाणकामगारांनीच तरुणांना समजावलं. ज्यांना शंका आली तेही गप्प बसले. रडणाऱ्या आईसमोर तिच्या लेकराचं पाऊल ठोकून बघायला कोण धजावणार?

शाळेमागे नव्या भिंतीसाठी आणलेली सिमेंटची फुटकी गोणी पडून होती. दुसऱ्या दिवशी आत्याबाईने दोन पत्र्याचे ट्रे घेतले आणि दोन्हींत तळ्याकाठचा सारखाच गाळ भरला. दुसऱ्यात चार मुठी सिमेंट मिसळलं आणि दोन्हींवर आपला पंजा दाबला. चौथ्या दिवशी पहिल्या ट्रेमधला गाळ वाळून तडकला होता, फुंकर मारली की उडत होता. दुसऱ्यात तिचा हात पाचही बोटांसकट पक्का झाला होता. अकरा दिवससुद्धा लागले नव्हते.

ते बघून तिला आनंद झाला नाही. पडवीत बसून ती पोटभर रडली, कारण आता तिला बोलावं लागणार होतं.

दुपारी ती तो पंजा घेऊन बांधावर गेली. वहिनी आणखी वाळली होती. ओठांवर दगडाची पूड बसली होती.

"हा माझा हात बघ, वहिनी. मी इथे तुझ्यासमोर उभी आहे, तरी शिळेत आहे. बाबाचं भस्म म्हणजे सिमेंट आहे."

वहिनीने त्या ठशाकडे बघितलंही नाही. "तुला तो मेलेलाच हवाय का गं?"

"वहिनी, तो तळ्यावर गेला होता."

"नाही गेला. माझी शपथ—"

"माझ्यासाठी मोडली त्याने." आत्याबाई मटकन खाली बसली. "मी वर्गात काचेच्या बरण्या करायला लावल्या होत्या. वाळू, माती, पाणी घालायचं, थर कसे बसतात ते बघायचं. त्याच्या बरणीत लाल थर होता, काळा होता. शुक्रवारी मला म्हणाला, 'आत्याबाई, उद्या मी पांढरा थर आणतो, तसा कोणाकडेच नाही.' पांढरा थर कुठे मिळतो ते मला कळायला हवं होतं. माझ्यासमोर वह्यांचा ढीग होता. मी मान वर न करता 'हो, आण' म्हटलं."

करवतींचा आवाज दूरवर चालूच होता. वहिनीने पदराने ओठांवरची पूड पुसली.

"इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"हिंमत झाली नाही."

त्या एका शनिवारभोवती आत्याबाईने रोज किती जर-तर रचले होते! वर बघितलं असतं तर, त्याला विचारलं असतं तर, आपणच सोबत गेलो असतो तर. 'आत्याबाईला मिशा असत्या तर' या म्हणीवर टिल्लू गडाबडा लोळून हसायचा. आता ती म्हण कोणी उच्चारली तरी ती उठून जायची.

वहिनी उठली. तिचा तोल गेला, आत्याबाईने हात पुढे केला, तो तिने झिडकारला. एकटीच चालत आवारात गेली, आपल्या जागेवरची हातोडी उचलली आणि सरळ शिळेपाशी जाऊन उभी राहिली. शिळा आता पेटीतून काढून ओट्यावर मांडली होती आणि समोर पाया पडणाऱ्यांची रांग होती. करवतीवरून दादा धावत आला. एकेक करवत थांबली.

"माई! स्पर्श नाही!" बाबा गरजला. "पोराची वाट तुटेल! हात झडेल तुझा!"

"माझा हात रोज हजार दगडांना लागतो," वहिनी म्हणाली. "झडायचा असता तर केव्हाच झडला असता."

तिने शिळेवर हातोडी हलकेच मारली. बद्द आवाज आला. थोडं सरकून पुन्हा मारली. बद्द. मग शेजारच्या थप्पीतल्या फरशीवर मारली, तेव्हा तो खणखणीत नाद शेडच्या पत्र्यापर्यंत गेला. आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला त्या दोन आवाजांतला फरक लहानपणापासून ठाऊक होता. कोणाला काही सांगायची गरज पडली नाही.

"हा दैवी दगड आहे, याचा नाद वेगळा!" बाबा म्हणाला. माणूस हजरजबाबी होता, हे कबूल करायला हवं.

वहिनीने मग जोरात घाव घातला. शिळेचे दोन तुकडे झाले, आणि पाऊल मधोमध फुटलं. गर्दीतून हाय हाय उठली. तिने एक तुकडा उचलून नणंदेच्या हातात दिला. "सांग त्यांना. तू मास्तरीण आहेस."

आत्याबाईने तो तुकडा उंच धरला. "ही तुटलेली कड बघा. आपल्या फरशीच्या कडेला पातळ थर दिसतात, कारण ती पाण्यात थराथराने बसलेली आहे. यात थर नाहीत. वरपासून खालपर्यंत एकच काला आहे. आणि ही गोल गोल भोकं. हे हवेचे बुडबुडे आहेत, ढवळताना अडकलेले. भिंतीच्या गिलाव्यात असतात तसे. भस्म राखाडी आणि सिमेंटही राखाडी, म्हणून भस्माच्या नावाने सिमेंट टाकलेलं कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मी पण टाकलं. माझा पंजा तिकडे बांधावर पडलाय, जाऊन बघा."

चेला पिशवी बगलेत मारून फाटकाकडे निघाला होता. दोघा करवतवाल्यांनी त्याला धरलं. पिशवीतून अर्धी उरलेली भस्माची थैली निघाली, टिल्लूची चप्पल निघाली, आणि तिच्या मापाने कोरलेलं एक लाकडी पाऊल. बाबाने ती चप्पल पहिल्याच दिवशी 'आत्म्याची खूण' म्हणून मागून घेतली होती.

वहिनीने ते लाकडी पाऊल हातात घेतलं. पाच बोटं, चित्रात काढल्यासारखी ओळीने.

"शिळा निघाली त्याच दिवशी मी बघितलं होतं," ती म्हणाली. आवारात इतकी शांतता होती की हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू गेलं. "त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. जन्मापासून. रोज चप्पल घालताना मी ती सरळ करायचे. या पावलाची नव्हती चढलेली. मला दिसलं होतं. पण मी म्हटलं, असू दे."

दादा तिथेच खाली बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडला. बाबाला लोकांनी पोलीस येईपर्यंत मुकादमाच्या खोलीत कोंडलं. मुकादम कुठे दिसेना. कोणी शिट्ट्या मारल्या नाहीत, जयजयकार केला नाही. खोटं उघडं पडलं होतं आणि एका बाईचं पोर दुसऱ्यांदा गेलं होतं.

पंप सुरू झाला. तिसऱ्या दिवशी वरचं पाणी गेलं आणि गाळ उघडा पडला. माणसांनी कडेने फळ्या टाकून चर खणला, पण एवढ्या मोठ्या तळ्यात, एवढ्या गाळात शोधायचं कुठे आणि किती खोल, हा प्रश्न होता. आत्याबाई चरात उतरली. चराची कड तिच्या समोर होती, वहीची पानं कडेने दिसावीत तशी. करवती चाललेल्या प्रत्येक दिवसाचा एक पांढरट थर, आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी वाऱ्याने येऊन बसलेल्या मातीची एक बारीक काळी रेघ. वरून मोजत गेल्यावर तिला एक रेघ इतरांपेक्षा जाड दिसली. करवती सलग दोन दिवस बंद राहिल्या होत्या ते शोधाचे दिवस.

"या रेघेवरचं सगळं नंतरचं आहे," तिने दादाला दाखवलं. "तेवढं खुशाल काढून टाका. रेघ लागली की फावडी ठेवा, हातांनी शोधा."

त्यांनी चपलेच्या जागेपासून सुरुवात केली. दुपार टळायच्या आत टिल्लू सापडला, त्या रेघेखाली हातभर. वहिनीने त्याचा पाय पाण्याने धुतला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. ती तिने हलकेच सरळ केली.

त्याच्या खिशात एक पत्र्याची डबी होती. झाकण घट्ट लावलेलं. आत काय आहे ते कोणी बघितलं नाही. वहिनीने ती पदरात बांधली.

पुढे तळ्याला कुंपण झालं. दादाने आणि करवतवाल्यांनी चार दिवस काम बंद ठेवलं तेव्हा झालं. वहिनी पुन्हा फरश्या ठोकायला जाऊ लागली. नणंदेशी मात्र ती बोलत नव्हती. एका घरात, एका चुलीवर, एका ताटाच्या अंतरावर दोघी सहा महिने मुक्या राहिल्या. आत्याबाईला त्याची तक्रार नव्हती.

शाळेत खिडकीत बरण्या तशाच होत्या. टिल्लूच्या बरणीवर त्याच्या वाकड्या अक्षरात कागद चिकटवलेला होता, 'हलवू नका, दगड होतोय'. नवा वर्ग आला तरी ती बरणी आत्याबाईने काढली नव्हती.

एके दिवशी सकाळी तास चालू असताना वहिनी दारात उभी राहिली. कामाचे कपडे, कमरेला हातोडी. ती कोणाला न विचारता खिडकीपाशी गेली, तो कागद वाचला, पदराची गाठ सोडली आणि डबीतली पांढरी पूड बरणीत ओतली. पाणी दुधासारखं झालं. लाल थर दिसेना, काळा दिसेना.

"खराब केलं!" पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"थांब जरा," वहिनी म्हणाली. "बसतंय बघ खाली."

मग ती बाकावर मुलांमध्ये बसली. आत्याबाईने फळ्याकडे तोंड फिरवलं, कारण तिला शिकवणं शक्य नव्हतं. अर्ध्या तासाने पाणी वरून जरासं निवळू लागलं. तळाशी, काळ्या थरावर, पांढरी साय धरली होती.

"मावशी, याचा दगड कधी होणार?" त्याच मुलीने विचारलं.

वहिनीने आत्याबाईकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं. "तू सांग ना गं."

"या बरणीत नाही होणार," आत्याबाई म्हणाली. "याच्यावर डोंगराएवढा गाळ पडायला हवा, आणि आपण मोजू शकणार नाही इतकी वर्षं जायला हवीत."

"बाबाने तर अकरा दिवसांत केला होता म्हणे."

वहिनीने कमरेची हातोडी काढून त्या मुलीच्या हातात दिली.

"असं कोणी म्हणालं ना, की आधी ठोकून बघायचं. आपल्याला ते खरं असायला हवंय, अगदी जीव तुटेपर्यंत हवंय, तेव्हा तर दोनदा ठोकायचं. मी ठोकलं नाही. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या फरश्या ठोकल्या आणि माझ्याच वेळी हात मागे घेतला. त्यापायी माझं पोर आणखी पंधरा दिवस त्या गाळात राहिलं."

मुलीने हातोडीकडे बघितलं, मग बरणीकडे. "हिला ठोकू?"

"नको गं बाई, ती फुटेल," वहिनी म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू आलं. आत्याबाईने बाकापाशी येऊन तिच्याजवळ बसत तिचा हात धरला. या वेळी वहिनीने तो झिडकारला नाही.